रात्री दोनचा फोन आणि बाकीचं बोलणं

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं. ‘ज्ञान उत्तम, संवादात सुधारणा हवी’ हा शेरा तुला चांगलाच झोंबलेला दिसतोय. त्यातही दोन गोष्टी तुझ्या मनाला जास्त लागल्यात. रात्रीच्या फोनवर सरांनी “मुद्द्यावर ये” म्हणून तुला तोडून टाकलं, आणि ज्या नातेवाइकांशी तू चांगला वीस मिनिटं उभा राहून बोललास त्यांनीच दुसऱ्या दिवशी “डॉक्टरांनी आम्हाला काहीच सांगितलं नाही” अशी तक्रार केली. एकीकडे मी जास्त बोलतो आणि दुसरीकडे कमी, हे कसं काय, असं तू विचारतोस. शिवाय संवादकौशल्याची दोन दिवसांची कार्यशाळा करू का, हेही.

कार्यशाळेचं शेवटी बघू. या दोन तक्रारी मला तरी एकच वाटतात. दोन्ही वेळा तू तुझ्या बाजूने सगळं बोलून मोकळा झालास आणि समोरच्याच्या पदरात काय पडलं हे बघायचं राहून गेलं. शिरेत इंजेक्शन देताना आपण आधी रक्त मागे येतंय का ते बघतो, मगच औषध सोडतो. बोलताना ही खात्री कोणी करत नाही. शब्द तोंडाबाहेर पडले की काम झालं असं धरून चालतो. या पत्रात मी जे लिहिणार आहे ते सगळं या एका खात्रीभोवतीच फिरतंय. गोड बोलावं, हसून बोलावं, नजरेला नजर द्यावी हे तुला कोणीही सांगेल आणि ते खोटंही नाही. पण अत्यंत गोड बोलणारे, आणि तरीही ज्यांच्या ऑर्डरचा अर्थ वॉर्डात कोणालाच लागत नाही, असे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत.

आधी फोन. तू जो कॉल लिहून पाठवलास तो साधारण असा आहे: “सर, झोपला होतात का, सॉरी सर. ते सात नंबरचे पेशंट आहेत ना सर, डायबेटिक, ज्यांना आधी फिटनेस मिळत नव्हता, त्यांचं काल आतड्याचं ऑपरेशन झालं. सकाळच्या राउंडला ठीक होते, संध्याकाळी थोडं पोट दुखतंय म्हणाले, म्हणून पेनकिलर दिलं. आता जरा बीपी लो वाटतंय सर, आणि युरिनपण थोडी कमी आहे...” इथे सरांनी तुला तोडलं, फ्लुइड दे, लक्ष ठेव म्हणाले आणि फोन ठेवला. तुला राग आला तो ते उद्धटपणे बोलले म्हणून. मला त्यांचं बोलणं आवडलं नाही हे खरं, पण झोपेतून उठलेल्या माणसाच्या कानाने तो कॉल पुन्हा वाच. त्यात पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकण्यासारखं काही नाही, आणि पुढे जे येतं त्याला ‘जरा’ आणि ‘थोडी’ चिकटलेलं आहे. तुझ्या मनात भीती होती. सरांच्या कानावर मात्र जरा लो बीपी पडलं. जरा लो बीपीला फ्लुइडच सांगतात.

यात दोष तुझ्या एकट्याचा नाही. परीक्षेसाठी केस मांडायला आपण सगळे एकाच क्रमाने शिकलो: नाव, वय, तक्रार, पूर्वेतिहास, तपासणी आणि सर्वांत शेवटी निदान. परीक्षकाला तुझ्या विचाराची वाट बघायची असते, त्यामुळे तिथे हा क्रम बरोबर. रात्री दोन वाजता फोनवर तो पार उलटा करायचा. तू कोण, तुला काय हवंय आणि का, हे पहिल्या दोन-तीन वाक्यांत आलं पाहिजे. मधुमेह, फिटनेस, सकाळचा राउंड हे सगळं विचारलं तर सांगायचं. तोच कॉल असा झाला असता:

“सर, मी वॉर्डातून बोलतोय. तुम्ही आत्ता यायला हवं. काल आतड्याचं ऑपरेशन झालेल्या सात नंबरच्या पेशंटच्या पोटात ब्लीडिंग होतंय असं मला वाटतंय. पल्स १२८, बीपी ८८ बाय ५०, दोन तासांत युरिन २० एमएल, ड्रेनमध्ये तासाभरात ३०० एमएल ताजं रक्त. दोन्ही हातांत जाड कॅन्युला लावल्यात, फ्लुइड चालू आहे, क्रॉसमॅचला सॅम्पल पाठवलंय. तुम्ही किती वेळात पोचाल? तोवर ओटीला आणि भूलतज्ज्ञांना कळवून ठेवू का?”

हे मोठ्याने वाचून बघ. अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. यात ‘जरा’ नाही, तुझा अंदाज स्पष्ट आहे, आणि शेवटी असे दोन प्रश्न आहेत ज्यांचं उत्तर दिल्याशिवाय फोन ठेवता येत नाही. या मांडणीला एक नावही आहे. परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचा अंदाज आणि तुमची मागणी, या चार टप्प्यांना त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एसबार’ म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर अशी पद्धत होती. तिथून ती अमेरिकेतल्याच कायझर परमनंटे या आरोग्यसंस्थेने रुग्णालयात आणली आणि पुढे जगभर पसरली. तुमच्याकडेही भिंतीवर तक्ता लावलेला असेल. माझं मत थोडं वेगळं आहे: मागणी चौथ्या नंबरवर ठेवू नये, आधी आणावी आणि शेवटी पुन्हा म्हणावी. कारण नवखे डॉक्टर नेमके तिथेच कच खातात. “तुम्ही या” हे म्हणायला संकोच वाटतो, म्हणून सगळी माहिती समोर ओतायची आणि सरांनी आपणहून ‘येतो’ म्हणावं अशी आशा करायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते हेच.

आणि अंदाज चुकला तर? चुकू दे. “मला ब्लीडिंग वाटतंय” असं म्हटल्यावर सर आले आणि निघालं दुसरंच, तर कोणाचं काही बिघडत नाही. मी स्वतः अशा फोनवर किती वेळा अंथरुणातून उठून गेले आणि पेशंट बरा निघाला याचा हिशेब ठेवलेला नाही, आणि फोन करणाऱ्याला त्याबद्दल बोललेही नाही. पण मोघम फोनवर मात्र मी हमखास उलटे प्रश्न विचारते.

तुझ्या कॉलमधल्या ‘लक्ष ठेव’ या उत्तराबद्दलही सांगते, कारण उद्या तूही तेच तुझ्या इंटर्नला आणि सिस्टरना म्हणशील. बहुतेक म्हणतच असशील. लक्ष ठेव म्हणजे कशावर? किती वेळाने? कोणता आकडा दिसला तर काय करायचं? “दर पंधरा मिनिटांनी पल्स-बीपी बघा, वरचं बीपी ९० च्या खाली किंवा पल्स १२० च्या वर गेली तर मला लगेच फोन, मी उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर” ही झाली ऑर्डर. ‘पेशंट स्टेबल आहे’ हाही त्यातलाच प्रकार. स्टेबल म्हणजे बरा, की कालच्याइतकाच वाईट? फोनवर हा शब्द मी कोणाला वापरू देत नाही.

तोंडी ऑर्डरचं एक वेगळंच दुखणं आहे, आकड्यांचं. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांची गल्लत सगळ्यांना माहीत आहे, पण आपले एकोणसाठ-एकोणसत्तर काही कमी नाहीत. मॉनिटरच्या आवाजात, मास्कमधून, तर मुळीच नाहीत. म्हणून डोस सांगताना आकडा सुटा करून पुन्हा सांगायचा: “पंधरा, एक-पाच.” अर्ध्याच्या जागी “शून्य पॉइंट पाच”, कारण नुसतं “पॉइंट पाच” म्हटलं आणि ‘पॉइंट’ गिळला गेला की डोस दसपट झाला. एकक नेहमी बोलायचं, इन्सुलिनच्या बाबतीत तर हटकून. आणि ऐकणाऱ्याने “हो सर” म्हटलं म्हणून समाधान मानायचं नाही. “हो सर” याचा अर्थ फक्त आवाज पोचला. सिस्टरनी “इन्सुलिन दहा युनिट, एक-शून्य, कातडीखाली, आत्ता देते” असं परत म्हटलं की ऑर्डर पोचली, आणि “दिलं, दोन वाजून दहा मिनिटं” म्हटलं की पुरी झाली. सिस्टर परत म्हणत नसतील तर त्यांना “तुम्ही म्हणत का नाही” असं विचारू नकोस, “मी बरोबर बोललो का, एकदा वाचून दाखवता?” असं म्हण. चूक आपलीही असू शकते हे त्या वाक्यातच आहे, त्यामुळे कोणाला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही.

धावपळीत आणखी एक. “कोणीतरी अॅड्रेनलिन काढा रे” असं ओरडलं की चारजण वळून बघतात आणि कोणीच काढत नाही, किंवा दोघं काढतात. नावाने सांग. नाव माहीत नसेल तर हात करून, “तुम्ही, निळ्या गाऊनमध्ये”. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-यादी काढली, तिच्यात चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असं कलम आहे. अनेक सर्जनना ते पोरकट वाटतं. पण आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिल्यावर मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. सगळं श्रेय नावं सांगण्याला देता येणार नाही, यादीत १९ बाबी आहेत. तरीही एकदा तोंड उघडलेला माणूस नंतर बोलायला कमी कचरतो, हे मी ओटीत नेहमी बघते.

हँडओव्हरबद्दल थोडक्यात. ड्युटी बदलताना तू फाइल वाचून दाखवतोस, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. फाइल पुढच्यालाही वाचता येते. तू त्याला ते सांगायचं जे फाइलमध्ये नाही: या वॉर्डात आज रात्री कोणाची धास्ती आहे, काय होऊ शकतं, आणि झालं तर तुझ्या मते काय करावं. सगळ्यांत आजारी पेशंट पहिला, बेड नंबर एक पहिला नव्हे. आणि शेवटी त्याने तुला ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत ‘आयपास’ नावाची अशी पद्धत बसवली. २०१४ साली त्याचे निकाल आले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. मला त्यात जास्त आवडलेली गोष्ट अशी की हँडओव्हरला लागणारा वेळ वाढला नाही. वेळ नाही ही सबब तिथेच संपते.

आता अवघड भाग. वरिष्ठाला अडवणं.

मार्टिन ब्रोमिली हे ब्रिटिश वैमानिक. २००५ च्या मार्च महिन्यात त्यांच्या पत्नी एलेन सायनसच्या एका साध्या, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या, वय ३७. भूल दिल्यावर श्वासमार्ग मोकळा ठेवता येईना. अनुभवी भूलतज्ज्ञ, मदतीला आलेले दुसरे भूलतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे सर्जन, असे तिघे मोठे डॉक्टर तिथे होते आणि ते नळी टाकण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. आता पुढचं नीट वाच. एका नर्सने ट्रेकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्यातून श्वासमार्ग करण्याचा, सेट आणला आणि आणल्याचं सांगितलं. कोणी दखल घेतली नाही. दुसरीने आयसीयूत बेडची सोय करून येऊन सांगितलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून तिला वाटलं आपण उगाच बाऊ करतोय, म्हणून तिने जाऊन तो बेड रद्द केला. एलेन शुद्धीवर आल्या नाहीत, तेरा दिवसांनी गेल्या. काय करायला हवं हे आपल्याला कळत होतं, पण तो विषय कसा काढावा हे कळत नव्हतं, असं तिथल्या नर्सनी नंतर सांगितलं. ब्रोमिलींनी कोणाला शिक्षा व्हावी म्हणून आग्रह धरला नाही. विमान अपघातानंतर होते तशी चौकशी व्हावी एवढं मागितलं, आणि २००७ साली या विषयावर काम करणारा एक गट उभा केला.

मी ही हकीकत नव्या बॅचला दरवर्षी सांगते आणि दरवर्षी सगळे त्या तीन डॉक्टरांवर बोलतात. मला त्या सेटवर बोलायचं असतं. सेट आणला होता. सांगितलंही होतं. ‘सेट इथे आहे’ हे वाक्य खरं होतं, सभ्य होतं आणि निरुपयोगी ठरलं, कारण त्यात कोणाचं नाव नव्हतं, कोणाला काही करायला सांगितलेलं नव्हतं, आणि उत्तर आलं नाही म्हणून ते दुसऱ्यांदा म्हटलं गेलं नाही.

म्हणून पायऱ्या पाठ कर. पहिली: “सर, मला काळजी वाटतेय, सॅच्युरेशन ६० आहे.” उत्तर नाही आलं तर दुसरी: “सर, नळी टाकणं थांबवावं असं मला वाटतं. गळ्यातून श्वासमार्ग करू या, सेट तुमच्या उजवीकडे आहे.” तरीही नाही, तर तिसरी: “सर, हे पेशंटच्या जिवावर बेतणारं आहे. थांबा.” अमेरिकेत २००६ पासून शिकवल्या जाणाऱ्या टीमस्टेप्स या प्रशिक्षणात अशीच तीन पायऱ्यांची वाक्यं आहेत, आणि दोनदा सांगूनही दखल घेतली नाही तर वरच्या माणसाकडे जायचं असा नियम आहे. आवाज चढवण्याची गरज पडत नाही. वाक्य बदलावं लागतं. तेच वाक्य त्याच सुरात तीनदा म्हटलं तर कुरकुर वाटते.

वरिष्ठ चिडतील? काही चिडतील. एखादा सगळ्यांसमोर बोलेलही. यावर माझ्याकडे गोड उपाय नाही. मात्र ‘तुम्ही चुकताय’ आणि ‘मला काळजी वाटतेय’ यांत दुसऱ्यावर भांडण होणं कठीण असतं एवढं खरं. आणि तू स्वतः आत्ताच कोणाचा तरी वरिष्ठ आहेस हे विसरू नकोस. इंटर्नने तुला काही सुचवलं आणि ते चुकीचं निघालं, की त्या क्षणी तुझा चेहरा कसा होतो यावर तो पुढच्या वेळी बोलेल की नाही हे ठरतं. “बरं झालं विचारलंस, यात असं असतं” एवढं पुरे. प्रोसिजर सुरू करण्याआधी “माझ्याकडून काही सुटतंय असं वाटलं तर लगेच सांगा” हे म्हणायला खर्च काही नाही. पण म्हटलंस तर पाळ. एकदा जरी कोणी सांगितल्यावर खेकसलास तर ते वाक्य पुढे कोणी मनावर घेणार नाही.

आता तुझे ते नातेवाईक.

वीस मिनिटं बोललास हे मला पटतं. त्यात काय काय सांगितलंस तेही तू लिहिलंयस: आजाराचं नाव, तो कशाने होतो, तपासण्यांचे आकडे, उपचाराचे तीन पर्याय, प्रत्येकाचे धोके, पुढच्या पाच दिवसांचा बेत. रॉय केसेल्स या संशोधकाने २००३ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के गोष्टी रुग्ण लगेच विसरतात, जितकं जास्त सांगावं तितकं विसरण्याचं प्रमाण वाढतं, आणि जे आठवतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं आठवतं. घाबरलेल्या माणसाच्या बाबतीत हे आणखी वाईट. तेव्हा त्यांची तक्रार खोटी नव्हती. त्यांच्या हाती खरोखरच काही उरलं नव्हतं. शिवाय तुझ्या यादीत त्यांचा एकही प्रश्न मला दिसला नाही. “तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?” आणि “तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची काळजी आहे?” या दोन प्रश्नांनी सुरुवात केली असतीस तर कदाचित कळलं असतं, की त्यांना फक्त ‘आज रात्री इथे थांबायला हवं का’ एवढंच विचारायचं होतं.

ऐकण्याला वेळ नाही असं तू म्हणशील. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये छापलेल्या अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचं सुरुवातीचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडलं होतं, आणि चारांतल्या एकालाही ते धड पुरं करता आलं नव्हतं. यावर डॉक्टरांचं म्हणणं ठरलेलं: तोडलं नाही तर माणसं बोलतच राहतील. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या एका बाह्यरुग्ण विभागात मग उलट करून पाहिलं. डॉक्टरांना सांगितलं, मधे बोलू नका, आणि घड्याळ लावलं. ३३५ रुग्णांची सरासरी निघाली ९२ सेकंद; चारांपैकी तिघांहून जास्त जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. हा निष्कर्ष २००२ चा आहे. दोन मिनिटं तुझ्याकडे आहेत. त्या दोन मिनिटांत संगणकाकडे बघायचं नाही, आणि ते थांबले की “आणखी काय सांगायचं राहिलंय?” हे विचारायचं. खरी तक्रार पुष्कळदा तिथे निघते, नाहीतर ती दाराच्या कडीला हात लावून, उठता उठता निघते आणि मग तुझी ओपीडी खरोखर लांबते.

सांगायची वेळ येते तेव्हा तीन गोष्टींच्या वर जाऊ नकोस, आणि “समजलं ना?” हा प्रश्न सोडून दे. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. न समजलेल्या माणसालाही डॉक्टरांना नाही म्हणणं जड जातं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून देतोस ना, तेच उदाहरण घे. गोळी आठवड्यातून एकदा. रोज घेतली तर अस्थिमज्जेचं रक्त तयार करण्याचं काम बसतं, तोंडात फोड येतात, माणसं दगावलीही आहेत. सोबत फॉलिक अॅसिड, तीही लहान, पुष्कळदा तीही पिवळीच. आता ऐक:

“आजी, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. समजलं ना?”
“हो डॉक्टर.”

आणि दुसऱ्या प्रकारे:

“आजी, ही गोळी फक्त रविवारी. इतर कोणत्याही दिवशी नाही. मी नीट सांगितलं की नाही हे मला बघायचंय, म्हणून विचारते. घरी गेल्यावर सुनेने विचारलं की ही गोळी कधी घ्यायची, तर काय सांगाल?”
“रविवारी. जेवल्यावर.”
“आणि दुखणं फारच वाढलं, बुधवारी, तर?”
“मग एखादी जास्त घेईन की.”

हा शेवटचा संवाद माझ्या ओपीडीतला आहे, जवळपास शब्दशः. तो दुसरा प्रश्न विचारला नसता तर आजींना सगळं समजलंय असंच कोणीही लिहिलं असतं. त्यानंतर मी नेहमी ‘दुखलं तर?’ विचारते, आणि “दुखण्याची गोळी वेगळी आहे, ही ती नव्हे” हे वाक्य आपणहून घालते. वार ठरवून देणं, तो चिठ्ठीवर लिहिणं आणि परत म्हणवून घेणं, याला मिनिटही लागत नाही.

वाईट बातमीबद्दल तू विचारलं नाहीस, पण लवकरच ती पाळी येईल. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धत शोधून वाच. बसायला जागा बघण्यापासून सुरू होते. माझी भर एवढीच: मृत्यू सांगताना ‘आम्ही शर्थीचे प्रयत्न केले’ याने सुरुवात करू नकोस. ऐकणारा त्या वाक्यात अजून आशा शोधत असतो. “मला वाईट बातमी सांगायची आहे”, मग एक श्वास, आणि “तुमचे वडील थोड्या वेळापूर्वी वारले.” ‘ऑफ झाले’ हे आपलं आपसातलं बोलणं वॉर्डातच ठेव. आणि मग गप्प बस. ती शांतता भरून काढायला तुझ्या तोंडून तपासण्यांचे आकडे यायला लागतील, ते येऊ देऊ नकोस. त्यांनी पहिला प्रश्न विचारेपर्यंत थांब. प्रयत्नांबद्दल ते विचारतात, तेव्हा सांग.

राहिली कार्यशाळा. कर, पण निवडून. नुसती भाषणं असतील तर झोप काढ, तुला तिची जास्त गरज आहे. ज्यात तुला खोट्या पेशंटसमोर बसवून बोलायला लावतात, त्याचं चित्रीकरण दाखवतात आणि तिथल्या तिथे पुन्हा करायला लावतात, तिला जा. लेस्ली फॅलोफील्ड यांच्या गटाने ब्रिटनमधल्या ३४ केंद्रांतल्या १६० कर्करोगतज्ज्ञांवर असा तीन दिवसांचा अभ्यासक्रम तपासून पाहिला होता, २००२ साली. मुरलेले डॉक्टरही त्याने सुधारले. त्यातलीच दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: बोलण्यातल्या अडचणी नुसत्या अनुभवाने, वर्षं गेली म्हणून, जात नाहीत. ‘हळूहळू येईल’ असं जे तुला म्हणतात त्यांचं ऐकू नकोस.

एकदम सगळं सुधारायला मात्र जाऊ नकोस, एकही धड होणार नाही. पुढचे काही आठवडे फक्त फोन घे. डायल करण्याआधी कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायच्या: मला काय हवंय, आणि कोणते चार आकडे. नर्सिंग स्टेशनवर उभा राहून त्या एकदा पुटपुट. ज्या सिस्टरचं तुझ्याशी बरं जमतं त्यांना सांग की माझा फोन ऐका आणि तुम्हाला काय कळलं ते मला सांगा. त्या रोज असे फोन ऐकतात, त्यांच्याइतका पारखी कान युनिटमध्ये कोणाचा नाही. कॉलनंतर सरांनी नेमकं काय करायला सांगितलं हे फोन ठेवण्याआधी परत म्हण: “म्हणजे सर, रक्ताच्या दोन बाटल्या मागवतो, ओटीला कळवतो, तुम्ही अर्ध्या तासात येताय.” हा शेवटचा भाग तुझ्या पाठवलेल्या कॉलमध्ये अजिबातच नाही.

आणि पुढच्या पत्रात मला असा एक कॉल लिहून पाठव, जसा बोललास तसा. सुधारून लिहू नकोस, ‘जरा’ असेल तर ‘जरा’सकट. सरांनी काय उत्तर दिलं तेही लिही.

तुझी,
मॅडम